धूप घेणारी मोटार

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कधी पुरती मिटली नाहीत. भाकरीचा तुकडा मोडताना ती दोन आपली बाजूला उभी, रुसल्यासारखी. कोणी विचारलं तर मामंजी म्हणायचे, "मोटार चावली." लोक हसायचे. मी चुलीपाशी असले तर उगाच फुंकणी उचलायची आणि जाळ चांगला पेटलेला असला तरी फुंकत बसायची. कारण मोटार चावली ती माझ्यापायी, आणि माझ्यापेक्षाही माझ्या आईपायी. हे सांगायचं म्हणजे आईची अब्रू वेशीवर टांगण्यासारखं आहे. पण आई गेली, मामंजीही गेले. आता कोणाची अब्रू आणि कोणाचं काय!

शहापूरला आमचं घर पेठेच्या टोकाला होतं. सासूबाई मी घरात यायच्या आधीच वारलेल्या. नवरा मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात, आणि तेव्हा लढाई चालू असल्यामुळे त्याला सणालाही रजा मिळेल याचा नेम नसायचा. म्हणजे घरात मी आणि मामंजी. आणि अंगणात मोटार. तिला घरातलंच एक माणूस धरा, कारण मामंजी माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलायचे त्याच्या दुप्पट तिच्याशी बोलायचे. मी तोंडाची फटकळ, आणि ते असे घुमे. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्या हातचं जेवण त्यांना रुचत नाही. मग कळलं की माणूसच तसा.

तरुणपणी ते मुंबईच्या एका गॅरेजात कामाला होते. तिथूनच ही जुनी, कापडी टपाची, लांबलचक अमेरिकन मोटार त्यांनी पैदा केली होती. आटगाव स्टेशनावर उतरलेला माणूस शेणव्याला न्यायचा, शहापूरचा मुरबाडला, मुरबाडचा शहापूरला. कधी वरात, कधी भाताची पोती, एकदा तर एक आजारी वासरू. टपाला ठिगळं होती, दार दोरीने बांधलेलं होतं, पण मामंजींच्या लेखी ती महाराणी.

त्या महाराणीचं एक दुखणं होतं. ते समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. पेट्रोलची टाकी मोटारीच्या बुडाशी, मागे. इंजिन पुढे. मागचं पेट्रोल पुढे आणायला पंपबिंप काही नव्हता. इंजिन चालू झालं की ते हवा ओढून घेतं. त्या ओढीला एक रबरी नळी जोडायची आणि तिच्या जोरावर पुढच्या एका डब्यात पेट्रोल खेचून आणायचं. आपण नळीला तोंड लावून पिंपातलं रॉकेल ओढतो ना, अगदी तसंच. त्याच ओढीची दुसरी नळी काचेवरचं पाणी पुसणाऱ्या वायपरला. नळी कुठे चिरली की मोटार पेट्रोलाऐवजी नुसती हवा ओढत बसायची. सपाटीला कशीबशी धावायची, चढ आला की धापा टाकून गप्प. नळ्या इतक्या जुन्या झाल्या होत्या की मामंजींनी जागोजागी चिंध्या गुंडाळून वरून सुतळी आवळली होती. नवीन घालाव्या तर लढाईमुळे रबर औषधालाही मिळत नव्हतं.

भादव्यापासून तिचं हे चाललं होतं. शेणव्याच्या अलीकडच्या चढाला उतारू उतरून ढकलायचे आणि मामंजींना शिव्या घालायचे. मामंजी म्हणायचे, "दसरा होऊ दे. मग सगळ्या नळ्या सोडून बघतो."

तर दसरा. आमच्याकडे आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारं पूजेला बसतात. शेतकऱ्याचा कोयता, सुताराचा रंधा, तशी मामंजींची पाने-पक्कडं. अष्टमीलाच रॉकेलने धुवून लख्ख करायची, पाटावर ओळीने मांडायची, हळदकुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि मोटारही जागची हलवायची नाही. मामंजी काही फार देवभोळे नव्हते. एकादशी कधी आली आणि कधी गेली, त्यांना पत्ता नसायचा. पण हा एक दिवस म्हणजे दिवस. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा हत्यारं पूजेला बसली होती, असं शेजारणी सांगायच्या.

त्या वर्षीही सकाळी मांडणी झाली. मामंजींची एक रीत होती. मोटारीला हार घालायच्या आधी बॉनेट उघडून इंजिन चालू करायचं, त्याला उदबत्ती ओवाळायची, मग बंद करायचं. म्हणायचे, झोपलेल्याची कसली पूजा! मी तबक धरून उभी होते. मामंजी उदबत्ती ओवाळत असताना धुराची रेघ एकाएकी वाकली आणि सरळ इंजिनात, नळ्यांच्या गुंत्यात शिरली. अशी शिरली की जणू आतून कोणी हुंगून घेतली. मामंजींचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"घेतला! धूप घेतला, बघितलंस?" ते म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. मीही पदर सावरून वाकून नमस्कार केला. दोघं अगदी भारावून गेलो होतो. काय म्हणावं आम्हाला!

आता माझ्या माहेराचं. वैशाखरे, मुरबाडच्या पलीकडे, माळशेजच्या घाटाखाली. वडील मी लहान असतानाच गेले. आई एकटी, थोडं भात, वर डोंगराला नाचणी. लग्न झाल्यापासूनचे दोन दसरे मी सासरीच काढले होते. मला कोणी अडवलं होतं असं नाही हो. मामंजी "जा" म्हणाले नाहीत आणि मी "जाऊ का" म्हणून विचारलं नाही, एवढंच. मी गेले तर त्यांना भाकर कोण करून घालणार? पण आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला हळवं, लवकर पिकणारं भात घरात येतं, आणि त्याचे पोहे कांडतात. गरम भाजलेल्या भाताचे, उखळातून निघतात तेव्हा हिरवट आणि मऊ. ते पहिले पोहे लेकीच्या तोंडात पडावेत, हे माझ्या आईचं वेड. दोन वर्षं तिने ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकले, असं कानावर आलं होतं. मला ते ऐकून भरून आलं होतं, पण बोलणार कोणाला?

खंडेनवमीच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, माहेरचा शेजारी दारात उभा राहिला. म्हातारा माणूस, कचेरीच्या कामाला शहापुरात आलेला. पाणी प्याला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पोरी, तुजी आय अत्यवस्थ हाय. भेटायचं आसंल तर आजच. उद्याचा भरवसा नाय."

हे बोलताना त्याची नजर अंगणातल्या मोटारीवर होती. ते मला नंतर आठवलं. तेव्हा मात्र माझ्या हातातला तांब्या सुटला आणि मी भोकाड पसरलं. मामंजी बाहेर आले. बैलगाडीने निघालं असतं तर वैशाखरं उजाडल्यावरच दिसलं असतं. मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही. खरं सांगते, तोंडातून शब्द काढला नाही. फक्त मोटारीकडे बघितलं. पण बघणंसुद्धा मागणंच असतं, हे मला कळत होतं, आणि तरी मी बघितलं.

मामंजी बराच वेळ पाटावरच्या हत्यारांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मोटारीचा हार काढला, खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "चल. लुगडं बदल."

मी बदलून आले तो मोटार सुरू होऊन बंद पडलेली. पुन्हा हँडल मारलं, पुन्हा खोकली, पुन्हा गप्प. माहेरचा शेजारी तोवर मागच्या सीटवर जाऊन बसला होता. अत्यवस्थ बाईचा निरोप घेऊन आलेला माणूस, पण चेहरा वरातीला निघाल्यासारखा! मामंजी हत्यारांना हात न लावता नुसत्या बोटांनी नळ्या चाचपत होते. "डब्यात पेट्रोल येत नाय. नळी कुठंतरी फाटलेय. पन कुठं? चिंध्या सोडायच्या म्हनल्या तर रात हुईल."

आणि माझ्या डोक्यात सकाळचा तो धूर आला.

"मामंजी," मी म्हटलं, "सकाळी धूप घेतला, तो कुठं घेतला?"

 ते हळूच म्हणाले, "म्हंजे आपन पाया पडलो ती चीर व्हती?"

एरवी मी हसून हसून लोळले असते. त्या दिवशी रडतच देव्हाऱ्याकडे पळाले आणि उदबत्ती पेटवून आणली. मामंजींनी तांब्याने पुढच्या डब्यात थोडं पेट्रोल ओतलं, बूच घट्ट लावलं, सगळं फडक्याने कोरडं पुसलं आणि मला बजावलं, "डब्यापास्न लांब धर. नायतर आय ऱ्हायली, आपनच जाऊ." मग इंजिन चालू केलं. त्या ओतलेल्या पेट्रोलावर ते थोडा वेळ चालणार होतं, तेवढ्यात चीर सापडायला हवी होती. मी उदबत्ती एकेका जोडाशी नेत होते. ते आत हात घालून नळ्या बाजूला धरत होते. पहिल्या जोडाशी धूर सरळ. दुसऱ्याशी सरळ. डब्यामागच्या वळणावर, जिथे चिंधी सगळ्यात जाड होती, तिथे धुराची रेघ थरथरली आणि गपकन आत गेली.

"ही बघा!" मी अशी किंचाळले की मागच्या सीटवरचा म्हातारासुद्धा उठून उभा राहिला. मामंजी दचकले. त्यांचा हात सटकला आणि पंजाची कड, दोन बोटांसकट, धूर बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या नळावर टेकली. चर्र असा आवाज झाला. तो आवाज मी पोळी तव्यावर टाकताना पुढे कित्येक वर्षं ऐकला.

ते ओरडले नाहीत. हात काढून घेतला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "इंजिन चालू आसताना वरडू नये, गो." एवढंच. एवढ्यावरच माझी बोळवण झाली. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून हाताला लावलं, जुन्या धोतराची पट्टी बांधली.  मग ते पाटापाशी गेले. डाव्या हाताने पक्कड आणि स्क्रू पिळायचं डिसमिस उचललं, कपाळाला लावलं, पुटपुटले, "माफी आसू दे." कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं. त्यांच्या तोंडावरची ती कळा मी विसरू शकत नाही. चोरी करताना पकडलेल्या माणसासारखे ते इकडेतिकडे बघत होते.

फाटलेल्या नळीच्या जागी दुसरी घालायची तर ती आणायची कुठून? त्यांनी वायपरची नळी सोडून घेतली. ती जरा बारीक होती, डब्याच्या तोंडावर चढेना. मी चुलीवरचं आधणाचं पाणी आणलं, नळीचं टोक त्यात धरलं, मऊ पडल्यावर दोघांनी मिळून तीन हातांनी ते ओढून चढवलं. ती नळी काढली तिथलं इंजिनाचं उघडं तोंड त्यांनी लाकडाची खुंटी ठोकून बंद केलं. हँडल मारलं. या वेळी मोटार खोकली नाही, घुमायला लागली, आणि घुमतच राहिली. मी पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. मोटारीने धूप घेतला नाही, आणि आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

शेणव्याचा चढ ती न थांबता चढली. पलीकडे उतरलो आणि आभाळ फुटलं. परतीचा पाऊस, वायपर बंद. मामंजींनी कनवटीची तंबाखू काढून माझ्या हातात दिली. ओली तंबाखू काचेवर घासली की पाणी थांबत नाही, सरकून जातं. मी बाजूने वाकून घासत होते, ते डाव्या हाताने चाक धरून, उजवं मनगट नुसतं टेकवून चालवत होते. भाताचा वास येत होता, कापलेल्या आणि भिजलेल्या. आणि मुरबाडच्या पलीकडे डोंगराची ती ओळखीची भिंत ढगातून दिसली तेव्हा मला आनंद झाला! आई मरायला टेकलीय, बाजूला बसलेल्या माणसाचा हात भाजलाय, आणि मला डोंगर बघून आनंद होतोय. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वैशाखऱ्याला घरापर्यंत मोटार जात नव्हती. मामंजी रस्त्याच्या कडेला ती लावत होते तोवर मी चिखलातून पळत सुटले. अंगणात आले आणि थबकले. पडवीत उखळ, उखळात मुसळ, मुसळावर माझी आई. पदर खोचलेला, कपाळावर घाम. घाव घालते आहे धडाधड.

"आय!"

तिने मुसळ टाकलं आणि मला मिठीच मारली. "अगो, आलीस? कशी आलीस? कोनासंगं?"

"मामंजी घेऊन आले. मोटारीनं."

"खंडेनवमीला?" तिचे हात गळून पडले. "आगं, मी त्या मेल्याला म्हनलं, पोरीला सांग आयला जरा कसकस हाय. म्हंजे तुला कोनी नाय म्हननार नाय, बैलगाडीनं निवांत येशील. त्यानं काय सांगितलं?"

त्याने काय सांगितलं आणि का सांगितलं, ते मला तेव्हा लख्ख कळलं. त्याला मोटारीत बसून घरी यायचं होतं. पण त्याला शिव्या द्यायला वेळच नव्हता. पायवाटेवर मामंजींचं डोकं दिसायला लागलं होतं. त्यांनी जन्मात एकदा पूजेतलं हत्यार उचललं, हात भाजून घेतला, तो एका मरणाऱ्या बाईसाठी. ती बाई पोहे कांडत होती हे त्यांना कळता कामा नये. दुसरं काही मला सुचत नव्हतं. आणि त्या घटकेला माझ्या मनात आलं, आई खरोखरच आजारी असती तर किती बरं झालं असतं! सख्ख्या आईबद्दल. ते मनात आल्याचं मला अजून सोसत नाही.

"आत जा. नीज. गोधडी घे," मी दातओठ खात म्हटलं. आई आत पळाली. मी उखळावर सूप पालथं घातलं, मुसळ भिंतीमागे लोटलं. पण वास कुठे लपवणार? सगळं घर भाजलेल्या भाताने घमघमत होतं.

मामंजी पडवीत आले. पट्टी भिजून हाताला चिकटली होती. दाराशीच उभे राहून, व्याह्याने उभं राहावं तसं अर्धं तोंड फिरवून, त्यांनी विचारलं, "कसं काय, इहीनबाई?"

आतून माझी आई अशी कण्हली, अशी कण्हली की गाय व्यायला झाली असती तर तिनेही इतका आवाज केला नसता. मी जमिनीत गडप व्हायचीच बाकी होते.

"पडून ऱ्हावा. उठू नका," मामंजी म्हणाले आणि पडवीत टेकले.

मी पाणी दिलं. आईने आतून गोधडीतूनच मला खुणा केल्या, त्यांना पोहे दे, पोहे दे. तिचा जीव तुटत होता. व्याही पहिल्यांदा दारी आलेला, सणाचा दिवस, घरात नवे पोहे. पण ते कांडले कोणी म्हणून सांगू? मी मान हलवली आणि त्यांच्यापुढे गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, उठले आणि म्हणाले, "तू ऱ्हा. आयशीला बघ. दसरा करून ये."

"मी येते तुमच्याबरोबर. काच कोण पुसणार?"

"पाऊस थांबंल," ते म्हणाले.

पाऊस थांबला नाही. मोटारीचा आवाज लांब जाईपर्यंत मी भिजत उभी होते. मग आत जाऊन आईला नको नको ते बोलले. तुला लाज नाही वाटली, मला मेल्याहून मेल्यासारखं केलंस, त्या देवमाणसाचा हात जळाला तुझ्या पोह्यांपायी. आईने सगळं ऐकून घेतलं. मग गोधडीची घडी घालता घालता म्हणाली, "दोन वर्सं झाली, गो. नवं भात घरात येतं आन तोंडात घालवत नाय. मी काय करू?"

 तिने पोह्यांवर गूळ-खोबरं घालून माझ्यापुढे ठेवले. मी ते खाल्ले. ती समोर बसून बघत होती म्हणून खाल्ले.

दसरा करून बैलगाडीने शहापूरला परतले तेव्हा मामंजी डाव्या हाताने पीठ मळत होते. हात सुजून फोड फुटलेले. पेठेत चर्चा चालूच होती, खंडेनवमीला हत्यार उचललं, आता दुसरं काय होणार! एकाने तर माझ्या तोंडावर म्हटलं. मी, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात ती, खाली मान घालून ऐकत राहिले.

"आय कशी हाय?" मामंजींनी विचारलं.

"बरी आहे आता."

"बरं," ते म्हणाले.

मग हात बरा होईपर्यंत रोज, मी पट्टी बदलायला बसले की विचारायचे, "आय बरी हाय ना? काय निरोप?" आणि रोज मी त्यांच्या जळलेल्या बोटांकडे बघत खोटं बोलायची. ताप उतरला म्हणे. आता हिंडूफिरू लागली म्हणे. जखम भरली, पण कातडी आखडली, बोटं ताठच राहिली. हँडल मारायला त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागायची. मोटारीचा उतारू हँडल मारायचा आणि मामंजी बाजूला उभे राहायचे, तेव्हा मी घरात तोंड लपवायची. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगून कोणाचं बरं होणार होतं? त्यांच्यापाशी एकच समाधान उरलं होतं, की एक बाई त्यांच्यामुळे लेकीला भेटली. तेही मी काढून घेऊ?

वर्ष गेलं. नवऱ्याने मुंबईहून कुठूनशी रबरी नळी मिळवून आणली होती. नवरात्रात मामंजींनी सगळ्या जुन्या नळ्या सोडल्या, चिंध्या-सुतळ्या फेकल्या, प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठे जाते ते बोटाने मला दाखवत नवीन घातल्या. वायपरलाही त्याची नळी परत मिळाली. अष्टमीला सकाळी इंजिन चालू करून त्यांनी मला उदबत्ती आणायला सांगितलं. सगळ्या जोडांशी मी ती धरली. या वेळी ते हात पाठीमागे बांधून उभे होते. धूर कुठेही आत गेला नाही.

"लुगडी बांध," ते म्हणाले. "वैशाखऱ्याला सोडतो. उद्या हत्यारं पूजेला बसतील, मग मला हलता यायचं नाय."

"आज? पण आयचा काही निरोप नाही—"

"नाय तेच बरं. यंदा तिला आजारी पाडू नको."

उदबत्तीची राख माझ्या हातावर पडली. मला चटका बसलेला कळला नाही. "तुमाला ठाव होतं?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

"गोधडीच्या भाईर पाय व्हते. पायाला कोंडा व्हता."

"मग पट्टी बदलताना मला रोज विचारत होता, आय कशी हाय म्हणून?"

"खोटं बोलताना तुजे कान लाल व्हतात," ते म्हणाले, आणि थोडं हसल्यासारखं केलं. मग डिसमिस पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोर दोन वर्सं घरात राबत व्हती, तिला माहेरला जा म्हनायचं माज्या डोस्क्यात आलं नाय. त्या बाईला तापाचं सोंग घ्यायला लागलं. मी कुनाला काय बोलू?"

 वैशाखऱ्याला पोचलो तो उखळाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आईने मामंजींना पाहिलं आणि मुसळ हातात तसंच धरून ती उभी राहिली. या वेळी आत पळायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मामंजी पडवीत टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "इहीनबाई, यंदा तरी पोहे द्या. मागल्या साली नुसत्या वासावर वाटंला लावलंत."

आईने पदर तोंडावर ओढला. ती हसते आहे की रडते आहे, मला कळेना. तिने ताटलीत गरम पोहे घातले, वर गूळ, ओलं खोबरं, आणि त्यांच्यापुढे सरकवली. मामंजींनी उजव्या हाताने घास उचलला. ती दोन बोटं मिटेनात. फटीतून पोहे गळून सारवलेल्या जमिनीवर पडले. त्यांनी ते एकेक वेचून ताटलीत टाकले आणि पुन्हा घास घेतला. पुन्हा गळले.

"मऊ झालेत," ते म्हणाले. "ब्येस झालेत."

आई उठून आत गेली आणि फडताळातली भांडी खालीवर करायला लागली. मी तिच्या मागे गेले. ती चमचा शोधत होती. आमच्या घरात चमचा कधी नव्हताच.